शिरस्तेदारांनी डोळा मारला

दिवाळी अंकासाठी काही लिहा असं पत्र आलं, त्यात विषयही सुचवले होते. पटकी, सर्पदंश, देवीची साथ. कल्याणच्या सरकारी दवाखान्यात मी हॉस्पिटल असिस्टंट म्हणून उमेदीची वर्षं काढली, तेव्हा हे सगळं पाहिलं हे खरं. पण पटकीबद्दल लिहायला बसलो की हात थांबतो, कारण त्यात गेलेले बहुतेक जण माझ्या ओळखीचे होते. म्हणून एका अशा दुखण्याबद्दल लिहितो, ज्यात कोणी मेलं नाही, कोणाला साधा ताप आला नाही, आणि तरी ज्याच्यापायी मला ठाण्याच्या कोर्टात विजेची पेटी घेऊन साक्षीला उभं राहावं लागलं.

हॉस्पिटल असिस्टंट म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. खरे डॉक्टर म्हणजे ठाण्याचे सिव्हिल सर्जन. ते महिन्यातून एकदा कल्याणला येत, रजिस्टरवर सही करत आणि दुपारच्या गाडीने परत जात. बाकीचे दिवस मी. लोक मला डाक्टर म्हणत, सरकार म्हणत नसे. माझ्या हाताखाली मलमपट्टी करायला पास्कू होता. ठाण्याचा ख्रिस्ती, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. रोग्याशी न बोलता रोग्याच्या दुखऱ्या अवयवाशी बोलायची त्याला सवय होती. "काय रं गुडघ्या, काल बरा होतास ना," असं तो गुडघ्याला विचारी आणि उत्तर रोग्याकडून घेई.

ठाण्याच्या हॉस्पिटलात नवी विजेची पेटी आली तेव्हा जुनी आमच्याकडे आली. शिसवी पेटी, आत लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची रिळं, बाजूला फिरवायचा दांडा, आणि दोन तारांच्या टोकांना पितळी मुठी. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने मुठी रोग्याच्या अंगाला लावायच्या.

तिचा उपयोग काय, तर सांगतो. आपल्या अंगातला स्नायू स्वतःहून काही करत नाही. मेंदूकडून मज्जातंतूवाटे निरोप यावा लागतो. तंतू सुजला, चेपला किंवा तुटला की निरोप बंद. स्नायू जागच्या जागी असतो, त्याला रक्तही मिळत असतं, पण तो नुसता पडून राहतो आणि पुढे वाळायला लागतो. डोळ्यातलं पाणी आणि तोंडातली लाळसुद्धा अशा निरोपानेच सुटते. पेटीच्या मुठी लावल्या आणि स्नायू उडाला, तर तंतू जिवंत आहे, रोगी लवकर बरा होणार. नाही उडाला, तर तंतू गेला. तो नव्याने वाढायचा, आणि तो वाढतो मुंगीच्या पावलाने.

एकदा एक गाडीवान आला. दारू पिऊन बैलगाडीत झोपला होता, दंड गाडीच्या कठड्यावर टाकून. बैल सवयीने घरी आले, गाडीवान जागा झाला तेव्हा त्याचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. उचलायला गेला की उचलेना. दंडातला तंतू कठड्याने चेपला होता. पेटी लावली तर बोटं टणकन उडाली. मी त्याला छातीठोकपणे तीन आठवडे सांगितले आणि बरोबर विसाव्या दिवशी त्याने आसूड उचलला. श्रेय त्याने एका देवीला दिलं आणि तिला कोंबडा कापला. मला वाईट वाटलं, पण तीन आठवडे हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला. त्या आकड्यानेच पुढे माझी फजिती केली.

कल्याणच्या कोर्टात केशवपंत शिरस्तेदार होते. कोर्टातल्या सगळ्या कागदांचा कारभार शिरस्तेदाराच्या हातात असतो. जज्ज बदलून जातात, तो राहतो. केशवपंतांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं. कपाळावर तीन आठ्या कायमच्या. पक्षकाराकडे ते वर मान करून बघतही नसत. रस्त्यात समोरून बाई आली की छत्री मध्ये धरत, ऊन असो वा नसो.

एके सकाळी ते उपरण्यात तोंड गुंडाळून दवाखान्यात आले. पास्कूला दार लावायला सांगितलं आणि मग उपरणं काढलं. चेहऱ्याचा डावा भाग ओघळल्यासारखा झाला होता. सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून धोतरावर सांडलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"डाक्टर, हे अर्धांग आहे," ते म्हणाले. ओठ मिटत नसल्यामुळे त्यांचा 'प' आता 'फ' झाला होता. "मला स्फष्ट सांगा. किती दिवस आहेत?"

मी त्यांना हात वर करायला सांगितलं. दोन्ही वर गेले. दोन्ही पायांनी माझ्या हाताला रेटायला सांगितलं. मी मागे गेलो. मग म्हटलं, कपाळाला आठ्या घाला. ही खरी परीक्षा. मेंदूतल्या अर्धांगात कपाळ दोन्ही बाजूंनी हलतं. चेहऱ्याचा तंतू कानामागे हाडाच्या बोळात सुजला असेल, तर कपाळाचा तेवढा भागही बंद. पंतांनी आठ्या घातल्या. उजव्या बाजूला तीन उमटल्या आणि नाकाच्या रेषेवर थांबल्या. डावं कपाळ लहान मुलासारखं गुळगुळीत.

"अर्धांग नाही," मी म्हटलं. "आता डोळे मिटा."

उजवा मिटला. डावा उघडाच राहिला आणि बुबुळ वर फिरून नुसता पांढरा भाग दिसू लागला. पास्कूने छातीवर क्रूस काढला.

"चेहऱ्याची एक शीर सुजली आहे," मी सांगितलं. "तीन आठवड्यांत बरे व्हाल."

पेटी न लावता मी हे बोललो. तंतू जातो आहे की राहतो आहे हे पेटीला दहा-बारा दिवसांनीच कळतं, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो, कारण माणूस मरायच्या तयारीने आला होता आणि मला गाडीवान आठवत होता. मी त्यांना डोळ्यात घालायला एरंडेल दिलं आणि त्यावर पट्टी बांधायला सांगितली.

"शिरस्तेदाराने एका डोळ्याने निशाण्या वाचायच्या?" ते म्हणाले. निशाणी म्हणजे कोर्टात दाखल झालेला पुरावा. "फट्टी घरी बांधीन. कचेरीत नाही."

हीच चूक झाली. माणूस घटकेला कितीदा डोळ्याची उघडझाप करतो ते कोणी मोजत नाही, कारण दोन्ही डोळे एकदम मिटतात. पंतांचा फक्त उजवा मिटत होता. शिवाय डावा कोरडा पडून चुरचुरे, म्हणून उघडझाप नेहमीपेक्षा जास्त. पहिल्या दिवशी कचेरीत बसल्यावर शिरस्तेदारांनी संध्याकाळपर्यंत निम्म्या कल्याणला डोळा मारला.

वारसाच्या दाखल्यासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या विधवेने तडक त्यांच्या घरी जाऊन जानकीकाकूंना, म्हणजे पंतांच्या पत्नीला, विचारलं की तुमच्या यजमानांना हे या वयात काय सुचतंय. मुंबईहून आलेल्या एका नव्या वकिलाला वाटलं ही इथली रीत असावी. तो आल्यागेल्याला उलट डोळा मारू लागला. पट्टेवाल्याने तर बोलावलं समजून दिवसात चाळीस वेळा धाव घेतली आणि चार दिवसांत रजा मागितली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात गोमा आणि हाशा यांचा दावा चालू होता. दोघे ठाकुर्लीकडचे आगरी, शेजारी. खाडीच्या कडेला खारजमिनीत दोघांच्या शेतांच्या मध्ये एक बांध होता आणि तो कोणाचा यावर सात वर्षं भांडण होतं. केशवपंतांनी आधी गोमाला कागद वाचून दाखवला आणि वाचताना दोनदा डोळा मारला. मग हाशाला वाचून दाखवला आणि तीनदा मारला.

गोमाने घरी जाऊन नारळ फोडला. हाशाने नारळ फोडला आणि शिवाय खाडीतला हातभर लांब जिताडा आणून, केळीच्या पानात गुंडाळून, शिरस्तेदारांच्या ओट्यावर ठेवला. पंत कचेरीत होते. जानकीकाकू दार उघडून बाहेर आल्या तर ओट्यावर मासा, आणि त्याचाही एक डोळा उघडा. त्यांनी आयुष्यात मासा इतक्या जवळून पाहिला नव्हता. त्या आत जाऊन दार लावून बसल्या. तेवढ्यात पास्कू एरंडेलाची बाटली घेऊन आला.

"पास्कू, ते तेवढं कुठंतरी ने रे," काकू खिडकीतून म्हणाल्या.

पास्कूने ते नेलं. कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी मी पेटी लावली. पास्कूने दांडा फिरवला. उजव्या गालावर मूठ ठेवताच गाल कानाकडे उडाला. डाव्यावर ठेवली. काहीच नाही. जागा बदलली, दांडा जोरात फिरवायला लावला. गाल गप्प.

"डाक्टर, ह्यो गाल आयकत नाय," पास्कू म्हणाला.

मी पंतांना खरं सांगितलं. तंतू गेला आहे, नव्याने वाढेल, पण पाच-सहा महिने लागतील.

"तुम्ही तीन आठवडे म्हणाला होतात."

"चुकलो."

त्यांनी थोडा विचार केला. "लेखी म्हणाला नव्हतात," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी त्याने माझा गुन्हा निम्मा झाला.

पुढच्या आठवड्यात दाव्याचा निकाल लागला. बांध गोमाचा ठरला. हाशा कचेरीच्या पायरीवर बसून राहिला. त्याला हरल्यापेक्षा फसवलं गेल्याचं दुःख होतं. मग त्याने एक वकील गाठून ठाण्याच्या कोर्टात अर्ज केला की शिरस्तेदारांनी भर कोर्टात तीन वेळा डोळा मारून काम करतो असं कबूल केलं, जिताडा घेतला, आणि निकाल उलटा लावला. हुकूम आला: चौकशी होईपर्यंत शिरस्तेदारांनी कचेरीत येऊ नये.

मी भेटायला गेलो तेव्हा पंत ओटीवर बसले होते, कचेरीचे कपडे घालून, पागोट्यासकट. डाव्या डोळ्यावर पट्टी. समोर एकही कागद नव्हता.

"रोज असेच कपडे करतात आणि पाच वाजेपर्यंत बसतात," काकू मला आत बोलावून म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांत कोणाचं पान खाल्लं नाही यांनी. डाक्टर, तुम्ही साक्ष द्याल ना?"

मला झोप लागेना. तीन आठवडे सांगण्याऐवजी पहिल्याच दिवशी जज्जसाहेबांना चार ओळींचा दाखला लिहून दिला असता, तर ही पाळी आली नसती. दाखला लिहायला मला काही क्षणच लागले असते.

चौकशीला पास्कू आणि मी पेटी घेऊन गाडीने ठाण्याला गेलो. चौकशी करणारे साहेब तरुण होते आणि पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलत. आधी माशाचा प्रश्न निघाला.

"तो मत्स्य कोणी नेला?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब," पास्कू म्हणाला.

"तो आता कोठे आहे?"

पास्कूने पोटावर हात ठेवला.

"शिरस्तेदारांस त्यातील भाग दिला काय?"

"त्यांना वास पन नाय दिला, साहेब. मागितला असता तरी दिला नसता. लय चांगला होता."

हाशा मान हलवत होता. जिताडा चांगला होता याला त्याचा दुजोरा होता.

मग माझी साक्ष झाली. मी चेहऱ्याच्या तंतूबद्दल सांगितलं. हाशाचे वकील जाड, चष्मेवाले, मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, हे सोंग आहे, डोळा मारायचा आणि दुखण्याचं नाव सांगायचं. तेव्हा मी पेटी टेबलावर ठेवली. पास्कूने दांडा फिरवला. पंतांचा उजवा गाल उडाला, उजवा डोळा मिटला. डाव्या बाजूला लावली, गाल दगडासारखा.

"मनाचा निश्चय करून कोणालाही गाल स्थिर ठेवता येईल," वकील म्हणाले.

"तर मग आपण ठेवून दाखवा," साहेब म्हणाले.

वकिलांनी मनाचा निश्चय केला. डोळे साहेबांवर रोखले, दातावर दात धरले. मी मूठ लावली. त्यांचा गाल वर गेला, एक डोळा गच्च मिटला, तोंड कानाशी पोचलं आणि चष्मा घसरून शाईच्या दौतीत पडला. आपल्या वकिलाने साहेबांना डोळा मारला हे हाशाने नीट पाहिलं.

साहेबांना आता शास्त्राची गोडी लागली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मलाही लावा."

मी नको म्हणालो. त्यांनी हुकूम आहे असं सांगितलं. मी मूठ हलकेच त्यांच्या गालाला टेकवली आणि पास्कूला हळू फिरव म्हटलं. पास्कूला हळू हा शब्द त्या दिवशी ऐकू आला नाही. साहेबांचा डोळा मिटला, उघडला, मिटला, उघडला, आणि त्यांचं तोंड नेमकं हाशाच्या दिशेला होतं. मी मूठ काढेपर्यंत पाच वेळा झालं.

साहेब गाल चोळत लिहायला बसले. तेवढ्यात हाशा मागून माझ्या कानाशी आला.

"डाक्टर, सायबानं मना डोला मारला. पाच येला."

"अरे, ती पेटी होती."

"हां, पेटी," तो म्हणाला आणि समजूतदारपणे हसला. "मी कोनाला बोलनार नाय."

साहेबांनी लिहिलं की शिरस्तेदारांचा डोळा त्यांच्या ताब्यात नसून त्याचा कोणत्याही दाव्याशी संबंध नाही. अर्ज फेटाळला. पंतांनी दुसऱ्या दिवशीपासून कामावर यावं. मात्र पुन्हा घोटाळा नको म्हणून कल्याणच्या कचेरीच्या दारावर जाहीरनामा लावावा: 'शिरस्तेदार यांचा एक डोळा आजारी आहे. त्यावरून कोणी काही समजू नये.' वाचता येणारे थोडे, म्हणून पट्टेवाल्याने रोज सकाळी तो मोठ्याने पुकारायचा. पुकारा चालू असताना पंत आत बसून निशाण्या लावत. परत आल्याचा त्यांना एवढा आनंद होता की चेहऱ्याच्या उजव्या भागावर तो दिसत होता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

हाशाने मात्र गोमाला सांगितलंच. ठाण्याचा साहेब आपल्या बाजूचा आहे, अपील केलं तर बांध परत मिळणार, असं तो शांतपणे बोलला. न ओरडता बोलला म्हणून गोमा घाबरला. पंधरा दिवसांत दोघांनी पंचांसमोर बांध निम्मा निम्मा केला, आणि त्या वर्षी उधाणाने बांध फुटला तेव्हा दोघांच्या घरची माणसं एकत्र चिखल टाकत होती. सात वर्षांत कोर्टाला जे जमलं नाही ते एका मेलेल्या तंतूने केलं. हे मी वार्षिक रिपोर्टात लिहिलं नाही.

सहाव्या महिन्यात पंतांचा गाल हलू लागला. आधी ओठाचा कोपरा, मग डोळा. डाव्या कपाळावर तीन आठ्या उमटल्या त्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि दाखवल्या. उघडझाप दोन्ही डोळ्यांची होऊ लागली. पुकारा बंद झाला.

पण एक नवीनच सुरू झालं. पंत जेवायला बसले की डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागे. पहिल्या घासाला सुरू होई, हात धुतला की थांबे. माझा अंदाज असा की नव्याने वाढताना काही तंतूंची वाट चुकली. लाळेकडे जायचे ते डोळ्यातल्या पाण्याच्या गाठीकडे जाऊन पोचले. तोंडाला चव लागली की लाळेचा निरोप निघे आणि डोळ्यात पाणी येई. सिव्हिल सर्जनांना मी विचारलं. त्यांनी पुस्तकात शोधलं, त्यांना सापडलं नाही. उपाय त्यांनाही माहीत नव्हता आणि मलाही.

गावात मात्र पंतांची ख्याती झाली. लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या पहिल्या तुकड्याला ते रडले तेव्हा मुलीच्या बापाला भरून आलं. पुढे ज्यांची त्यांची ओळख नव्हती तेही त्यांना जेवायला बोलावू लागले. पंतांना हे आवडत नसे. एके दिवशी ते मला म्हणाले, "डाक्टर, यावर काही करा. पेटी लावा, काय हवं ते करा."

बघतो, असं मी म्हटलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी, पंत कचेरीत असताना, जानकीकाकू दवाखान्यात आल्या. त्या कधी येत नसत. पास्कूने स्टूल पुसून दिलं, त्या बसल्या नाहीत.

"यांचा डोळा तुम्ही बरा करणार आहात?"

"प्रयत्न करीन."

"लग्नाला सदतीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माझ्या हातच्या जेवणाला यांनी कधी बरं म्हटलं नाही आणि वाईट म्हटलं नाही. ताट पुढे यायचं, रिकामं व्हायचं. आता पहिला घास घेतात आणि डोळ्यात पाणी येतं. शीर आहे, मला कळतं. हसू येतं मला माझंच. पण राहू दे की, डाक्टर. त्यांना दुखत तर नाही."

मी म्हटलं, तुम्ही म्हणता तर राहू दे. माझ्याकडे काही उपाय नव्हताच, पण एक मोठा इलाज हातचा सोडतोय अशा सुरात मी ते बोललो. या नोकरीत मी जे काही खोटं बोललो, त्यातलं हे एकच मला कधी टोचलं नाही.

संध्याकाळी मी पंतांना सांगितलं की इलाज नाही. पंतांनी हां म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आज दुपारी घरून कोणी आलं होतं का?"

मी पेटीवरची धूळ पुसू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. अळूची भाजी होती, चिंच जरा जास्त. काकू चुलीपाशी बसून वाढत होत्या. पंतांच्या घरी पाट वर्षानुवर्षं भिंतीशी सरळ मांडलेले असत, एक बोट इकडेतिकडे नाही. त्या दिवशी पंतांनी बसण्याआधी आपला पाट स्वतः उचलला, थोडा फिरवला आणि डावा गाल चुलीच्या बाजूला येईल असा मांडला. मग भाजीत बोट बुडवून पहिला घास घेतला, आणि डोळ्यातून पाणी आलं ते पुसलं नाही.